थेंब बुडतो, थेंब तरंगतो

माणिकतल्याजवळच्या या गल्लीत सकाळी दहालाच अंग चिकचिकतंय. मे महिना. क्लबच्या दारावर फलक लागलाय: रक्तदान शिबिर. अक्षरं बंगाली, शब्द थेट आपलेच. फक्त लाउडस्पीकरवरचा दादा ‘रोक्तोदान’ म्हणतोय. आत कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून उभा केलाय आणि त्याच्या स्टँडवर काचेच्या बरण्या, कापूस, नोंदवही मांडलीय. वर नेताजी, शेजारी विवेकानंद. कोलकात्यात पाड्यापाड्याला असा क्लब (पाडा म्हणजे इथली वस्ती, आपला जव्हारचा पाडा नव्हे) आणि क्लब म्हटला की वर्षाकाठी एक शिबिर आलंच. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तपेढ्यांत खडखडाट, त्यामुळे या दिवसांतली पिशवी जास्त मोलाची. या शहराची सवय जुनी आहे. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, इथल्याच ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमध्ये रक्तपेढी उभी राहिली. देशातली पहिली म्हणून तिचंच नाव घेतात.

रांगेत माझ्यापुढे चाळिशीची एक बाई आहे. चार घरची कामं उरकून आलीय. पदर अजून कमरेला खोचलेला. वजनकाटा ४८ दाखवतो. पंचेचाळीसच्या खाली असती तर तिथूनच माघारी. बीपी ११० वर ७०, नाडी ८४, दोन्ही नियमात. तरुण डॉक्टर अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून आत बघतो आणि क्षणभर थांबतो. सुई न टोचता रक्त जोखायची ही जुनी रीत. आमची आजी चुलीपुढून नुसती मान वर करून ‘पोरीचे डोळे पांढरे पडलेत’ म्हणायची, तीच ही तपासणी.

मग बोट टोचतात. बरणीत निळंशार पाणी आहे. मोरचूद! द्राक्षबागेवर चुन्यात कालवून फवारतात तेच. इथे मात्र ते अगदी मोजून विरघळवलेलं, विशिष्ट गुरुत्व १.०५३. रक्तात हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम किंवा जास्त असेल तर थेंब जड भरतो आणि पंधरा सेकंदांच्या आत तळ गाठतो. तिचा थेंब बोटभर खाली जातो, अडतो, आणि संथपणे वर येऊ लागतो.

‘कोतो?’ ती विचारते. किती?

टेक्निशियन दीदी नुसती मान हलवते. ‘कोम आछे, दीदी. आज होबे ना.’ कमी आहे, आज नाही जमायचं.

‘पण किती?’

याला बरणीकडे उत्तर नाही. मोरचुदाला बुडणं आणि तरंगणं एवढंच कळतं. साडेबाराला थोडंसं कमी की थेट नऊ, त्याच्या लेखी सारखंच.

डॉक्टर टेबलाखालच्या पिशवीतून एक चिमटा काढतो. रक्तपेढीने घेतलेला नाही, स्वतःचा आणलाय. तुलना करून बघतोय म्हणतो. कोविडच्या वर्षांत घरोघरी पोचलेल्या ऑक्सिमीटरचाच हा थोरला भाऊ. तो लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर भागवतो. हा आणखी काही तरंगलांब्या बोटातून पार करतो, आणि नाडीच्या ठोक्यागणिक किती प्रकाश शोषला जातो त्यावरून हिमोग्लोबिनचा अंदाज बांधतो. बाईच्या बोटाला चिमटा लागतो. आकडे फिरतात, थांबतात. १०.६.

ती आकडा दोनदा मोठ्याने म्हणते.

माझा थेंब सुळकन तळाला जातो. उत्सुकतेपोटी मीही चिमटा लावून घेते, तर तो ११.९ म्हणतो! आता खरं कुणाचं? ‘बोट गार असेल, नखाला रंग असेल, तर हा एक ग्रॅम इकडचा तिकडे करतो,’ डॉक्टर हसतो. माझ्या नखांना कालचंच पॉलिश आहे. साडेबाराच्या उंबरठ्यावर एक ग्रॅम म्हणजे सगळंच. नियमाने शब्द बरणीचा, म्हणून मी खाटेवर.

शेजारच्या खाटेवर कॉलेजचा मुलगा. त्याच्या मोकळ्या हाताला साधा ऑक्सिमीटर. पिशवी निम्मी भरलीय आणि तो मित्राशी मोहन बागानवर वाद घालतोय. मध्येच वाक्य तुटतं. ऑक्सिजन ९८ वर जागचा हलत नाही, पण खालचा आकडा ७८, ६६, ५२ असा उतरतो. दीदी चेहऱ्याकडे नंतर बघते, आधी आकड्याकडे. सुई बाहेर, पायांखाली दोन उशा, कपाळावर ओला रुमाल. दोन मिनिटांत नाडी सत्तरीवर येते आणि वादही परत सुरू होतो. ऑक्सिजनच्या आकड्याने इथे काहीच सांगितलं नसतं. सांगितलं ते नाडीने.

३५० मिलिलिटर द्यायला मला सात मिनिटं लागतात. मग अंडं, केळं, संदेश आणि मातीच्या भांड्यातला चहा.

चहा घेताना डॉक्टर सॉल्ट लेकमधल्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राची गोष्ट सांगतो. तिथल्या समीरकुमार पाल यांच्या गटाने एनआरएस रुग्णालयासोबत एक यंत्र बनवलंय: नवजात बाळाच्या नखावर प्रकाश टाकायचा आणि कावीळ मोजायची, टाचेला सुई लावायची नाही. त्याचं नाव अजो-निओ. बाळाची टाच वाचते, हे खरंच मोठं आहे. पण मोठ्या माणसाच्या बोटाची एक टोच वाचवायला म्हणून हा चिमटा आणावा असं मला वाटत नाही. टोच सोसते. चिमट्याचं खरं काम दात्याकडे नाहीच, ते परत फिरणाऱ्या बाईकडे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पश्चिम बंगालमधल्या १५ ते ४९ वयाच्या ७१.४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के. यातल्या कितीजणींचं रक्त आधी कुणी मोजलं असेल?

ती अजून दारातच उभी आहे. दात्यांना मिळणारी छत्री तिला मिळालेली नाही आणि तिने मागितलेलीही नाही. तिला कागद हवाय. डॉक्टर कार्डाच्या पाठीवर १०.६ लिहितो, खाली तारीख घालतो, ‘अंदाजे’ असं लिहून अधोरेखित करतो आणि सरकारी दवाखान्यात नीट तपासणी करून घ्यायला सांगतो. ती कार्डाची घडी करून पदराच्या गाठीत बांधते.

तुमच्या मंडळाचं शिबिर असेल, तर परत पाठवाल त्या प्रत्येकीला तिचा आकडा लिहून द्या.