बिलाविना कोड

पुण्यात खराडीच्या ऑफिसात अमेरिकन क्लेमचं कोडिंग करत होते, तेव्हा पीएनएच (पॅरॉक्झिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्यूरिया) हा रक्ताचा दुर्मीळ आजार मला आधी भेटला तो ९० या आकड्यातून. त्यावरचं इक्युलिझुमॅब, म्हणजे सोलिरिस, दर दोन आठवड्यांनी ९०० मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं. बिलात मात्र युनिटं लागतात. जे१३०० या कोडचं एक युनिट तेव्हा १० मिलिग्रॅमचं, म्हणून ९०. तिथे ९ पडले की हॉस्पिटलचे हजारो डॉलर अडकलेच. निदानाचा कोड जुळला नाही तर अख्खा क्लेम डिनाय.

आता मी वेल्समधल्या कार्डिफमध्ये हेच काम करते. इथेही निदानाचा कोड तोच, डी५९.५, बिल मात्र कुणालाच जात नाही. कोडवरून हॉस्पिटलचे पैसे ठरवायची इंग्लंडची पद्धत वेल्सने घेतलीच नाही. म्हणून काम ढिलं चालतं असं कुणी समजू नये.

पेशंट घरी गेला की कागद आमच्याकडे. आधी कोडांच्या सूचीत ‘हिमोग्लोबिन्यूरिया’ काढायचं. त्याखाली ‘पॅरॉक्झिस्मल’ दिसताच थांबलात तर हाती येतो डी५९.६: थंडीने किंवा लांब चालण्याच्या श्रमाने तांबड्या पेशी फुटतात, तो वेगळाच प्रकार. ‘नॉक्टर्नल’पर्यंत गेलात तरच डी५९.५. तोही मुख्य खंडात ताडून पाहिल्याशिवाय टाकायचा नाही.

खरी कसरत डॉक्टरांच्या अक्षराशी. ‘प्रॉबेबल पीएनएच’ असेल तर कोड घेता येतो. अमेरिकेच्या ओपीडी क्लेममध्ये हे मुळीच चालत नसे, त्यामुळे ही मुभा मला अजूनही जरा सैल वाटते. नुसतं ‘?पीएनएच’ असेल तर लक्षणांवरच भागवायचं. फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट कितीही बोलका असो, निदान डॉक्टरांनी लिहायचं. आम्ही फार तर विचारायचं.

आणि आमच्याकडे येतात ते भरती झालेल्यांचे आणि डे-केसचे कागद. ब्रिटनमध्ये पीएनएचच्या बऱ्याच पेशंटांना नर्स घरी येऊन ड्रिप लावते. खराडीत असा एक पेशंट वर्षाला २६ वेळा पडद्यावर यायचा, प्रत्येक डोसचा वेगळा क्लेम घेऊन. इथे औषध नीट लागू पडलं, तर तो वर्षभर आमच्या यादीत येतही नाही.