अंडं धुऊ नका!

कोंबडीने नुकतंच घातलेलं अंडं ओलसर चमकतं आणि बघता बघता ती चमक जाते. जे वाळतं ते पाणी नसतं. ती साय असते, पापुद्रा बनून कवचावर बसलेली. कवचाला सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं. आतल्या पिल्लाला २१ दिवस त्यांतूनच हवा मिळायची. हवा जाऊ द्यायची आणि जंतू अडवायचे, हे काम त्या पापुद्र्याचं. आणि आपण? उबवायला ठेवण्याआधी अंडं नळाखाली धरतो!

कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास. बाहेर पडलेलं अंडं निवतं, आतला ऐवज आकसतो आणि रुंद टोकाकडून हवा आत ओढली जाते. कोमट अंडं गार पाण्यात बुडवलंत तर हवेऐवजी घाण पाणी आत जातं. शिटीने माखलेलं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवूच नये. खुराड्यातला पेंढा कोरडा ठेवला, अंडी दिवसातून दोनदा उचलली, तर धुण्याची वेळच येत नाही.

एखादा जंतू शिरलाच, तर पुढे पांढरा बलक आहे. त्यातलं लायसोझाइम जंतूंची भिंत फोडतं आणि दुसरं एक प्रथिन लोह धरून ठेवून त्यांची उपासमार करतं. पिवळ्यात तर आईची शिदोरीच. फेलिक्स क्लेम्पेरर या जर्मन डॉक्टरने १८९३ मध्येच दाखवलं होतं, की धनुर्वाताविरुद्ध तयार केलेल्या कोंबडीची प्रतिकारशक्ती तिच्या अंड्याच्या पिवळ्यात उतरते. अंडं फुटण्याच्या बेतात असताना पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. ही उसनी ताकद दोन-तीन आठवडे पुरते.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र फिनलंडची. नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं, की मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जंतू नवजात पिल्लांना पाजले तर साल्मोनेला हा रोगजंतू त्यांच्या पोटात सहजी घर करत नाही. जागा आधीच भरलेली असते! आईच्या पंखाखाली, तिच्या मागे उकरत फिरणाऱ्या पिल्लाला हे आपसूक मिळतं. उबवणी यंत्रातल्या पिल्लाला मिळत नाही. आई निरोगी असेल तरच हा ठेवा, नाहीतर तिचेच रोगही पिल्लांत येतात.

काही काळजी मात्र आपणच घ्यायची. पिल्लांच्या रक्ती हगवणीचं बी ओल्या तुसात एक-दोन दिवसांत तयार होतं, जंतुनाशकांना फारशी दाद देत नाही. त्यामुळे तूस रोज हलवा, ओलं झालेलं लगेच काढा, पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवा. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी डालावी. हे कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

मानमोडीपुढे, म्हणजे राणीखेतपुढे, मात्र आईची शिदोरी कायमची पुरत नाही. या रोगावर औषध नाही. आहे ती लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे. अडचण एवढीच, की बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. तेव्हा आपल्या एकट्याच्या आठ पिल्लांसाठी म्हणून थांबू नका. आळीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवा, बर्फाच्या डब्यातून लस आणा आणि सगळी पिल्लं एका अंगणात गोळा न करता बाटली घरोघर फिरवा.