पालशेतचा मोडलेला पाय (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात संमतीपत्राचं पाहिलं. मुलाच्या ऑपरेशनआधी सही केली म्हणजे पुढे बोलायची सोय उरली नाही, असं समजणारे आईबाप महाड-पोलादपुरात पुष्कळ. पण सही असते ऑपरेशनला, हलगर्जीपणाला नव्हे. आणि डॉक्टरचा हलगर्जीपणा म्हणजे काय, हे सांगताना वकील आजही ज्या निकालाचं नाव घेतात, तो कोकणातल्याच एका मुलाचा आहे.

६ मे १९५३. पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी एका वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. किनाऱ्यापासून घर दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेण्यातच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या. पुढे ८ तारखेच्या रात्री एकला टॅक्सी निघाली, आई सोबत, ती दोनशे मैल कापून ९ तारखेला सकाळी साडेअकराला पुण्यात. वरंध घाटातून पेशंट घेऊन गेलेल्यांना हा प्रवास समजावून सांगायला नको.

वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस. संध्याकाळी मुलाचा पाय प्लास्टरमध्ये होता. सातपर्यंत वेदनाशामकाची गुंगी उतरेल असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले. रात्री नऊला मुलगा गेला. पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, चरबीचे कण रक्तात जाऊन मृत्यू आला. कोर्टाला ते पटलं नाही. भूल न देता, माणसं लावून, जादा जोराने हाड ओढून बसवलं आणि त्या धक्क्याने तो गेला, असा निष्कर्ष निघाला. भरपाई तीन हजार रुपये. सुप्रीम कोर्टाने ती २ मे १९६८ रोजी कायम केली, म्हणजे मुलगा गेल्यावर पंधरा वर्षांनी. वडील डॉक्टर नसते तर भुलीचा प्रश्न कोर्टात कुणी काढला असता, असं मला नेहमी वाटतं.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाच्या याच निकालाने डॉक्टरवर तीन जबाबदाऱ्या टाकल्या: केस हातात घ्यावी का, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्हींत वाजवी काळजी. पेशंट बरा होईलच याची हमी कायदा मागत नाही. ऑपरेशन फसलं एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

आता दार कोणतं ठोठावायचं? १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. सरसकट सगळ्यांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय येत नाही; तिथे दिवाणी दावा, तोही आधी दोन महिन्यांची नोटीस देऊन. ऑपरेशन पुण्यात झालं तरी २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपल्या जिल्ह्यात, अलिबागच्या ग्राहक आयोगात, करता येते. मुदत दोन वर्षं. तक्रारीची फी भरलेल्या बिलावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

मूल आणि आईबाप दोघेही ‘ग्राहक’, हे १९९८ मध्ये दिल्लीच्या एका खटल्यात ठरलं. तिथे नर्सने भलतंच इंजेक्शन लिहून दिलं, बापाने ते दुकानातून आणलं आणि तेच मुलाला टोचलं गेलं. मेंदूला कायमची इजा झाली. मुलाला साडेबारा लाख मिळाले, आईबापांना वेगळे पाच लाख.

आपल्याकडचे लोक अलिबागला येतात ते डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या पिशवीत घालून. त्यावर फार काही होत नाही. हवा असतो पूर्ण केस पेपर, त्यातही भुलीचा तक्ता: नाडी, रक्तदाब आणि दिलेली औषधं वेळेसकट मांडलेला एक साधा कागद. मूल टेबलावर किती वाजता ढासळलं आणि कुणाच्या लक्षात कधी आलं, हे त्यातून कळतं. २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर शिक्का घ्या, आणि पोचेवर तारखेशेजारी वेळही लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात: तज्ज्ञाचा अभिप्राय आणायचा कुठून?