आखूड सावली किती वाजता?

तिसरी ते पाचवीच्या ‘परिसर अभ्यासा’ला प्रयोगशाळाच हवी असं नाही. पटांगणात सरळ काठी रोवा. साडेअकरा ते सव्वा या वेळात दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी मुलांनाच खडा ठेवू द्या. सर्वांत आखूड सावली बाराला पडेल, असं मुलं छातीठोकपणे सांगतात. मुंबईत ती सरासरी १२.३९ला पडते, नागपुरात १२.१४च्या सुमारास. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. तिथून पश्चिमेला दर अंशामागे ४ मिनिटं उशीर. हे कारण सांगण्याची घाई मात्र नको, आधी खड्यांवरून वाद होऊ द्या. महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, तेव्हा काठीची सावली दिसेनाशी होते. जुलै-ऑगस्टचा दिवस बहुधा ढगांत जातो, मे महिन्यातला सुट्टीत. सुट्टीचा अभ्यास म्हणून मेमधल्या त्याच दिवसाचं निरीक्षण द्यावं.