हात धुऊन भीती जात नाही

आमच्या वस्तीतील एका ताईंची ही हकीगत. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि त्यांना नुसते हात धुवायला रोज दोन बादल्या लागत. नवरा हमालीवरून घरी येई, रिकाम्या बादल्या पाही आणि भांडण पेटे. सासूबाईंनी देवऋषी गाठला. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातून पाचशे रुपये तिकडे गेले! मीही शहाणा नव्हतो. 'ताई, मन घट्ट करा' एवढेच म्हणालो होतो.

या आजाराला मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको तो विचार वारंवार येतो, भीती दाटते आणि ती शमवायला माणूस धुतो, मोजतो, कडी तपासतो. ऑफिसात मीही बेरीज दोनदा तपासतो, तो आजार नव्हे. रोजचा तासाहून अधिक वेळ त्यात जाऊ लागला की समजावे. काहींचे तर बाहेर काहीच दिसत नाही. तान्ह्या बाळाची आई 'माझ्या हातून लेकराला इजा होईल काय' हा प्रश्न दिवसभर मनात घोळवते, विळी लपवते आणि लाजेने बोलत नाही. मंत्रचळात असा विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी 1966 साली दोन रुग्णांवरील वेगळ्याच उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. ज्याची भीती, त्याला सामोरे जायचे आणि नंतर धुवायचे नाही. आजही हीच पद्धत मुख्य मानतात. ताईंची पहिली पायरी होती दाराची कडी: हात लावून दहा मिनिटे तसेच बसणे. शेवटची पायरी हापशाचा दांडा. छाती धडधडते, पण चढलेली भीती बहुधा न धुताही उतरते, आणि 'धुतले म्हणून वाचलो' हा समज ढिला पडतो. पायऱ्या मात्र जाणकाराच्या सल्ल्याने ठरवाव्यात.

'हात स्वच्छ आहेत ना?' असे त्या विसाव्यांदा विचारत, तेव्हा घरचे 'हो' म्हणत. हे सावकाराचे व्याज भरण्यासारखे आहे. आजचा तगादा मिटतो, मुद्दल तसेच राहते. आता घरचे प्रेमाने सांगतात, 'याचे उत्तर द्यायचे नाही असे आपले ठरले आहे.'

मनात घोळणाऱ्या विचाराशीही वाद घालू नये. आला तर येऊ द्यावा, हातातले काम चालू ठेवावे. मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात विचार आवरण्याचे पाच उपाय आहेत. त्यातला लक्ष न देण्याचा येथे उपयोगी पडतो. दात आवळून विचार दाबण्याचा या आजारात उलटतो.

गोळ्याही असतात, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या. गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून टाकू नयेत. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. 2022 पासून 14416 हा टेली-मानसचा फोनही आहे. तो मोफत असून रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते.

ताई आता अर्ध्या बादलीवर आल्या आहेत. मध्यंतरी गोळ्या स्वतःच बंद केल्या, तेव्हा पुन्हा वाढले होते. या खेपेला नवरा रजा टाकून सोबत गेला.