पायी जावे की सायकलने?

आमच्या शेजारचा एक तरुण शेतकरी परवा घरी आला. म्हणाला, "गुरुजी, आमचे आबा दरसाल पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला पायी जायचे. आता ते थकले. यंदा मला जायचंय. पण दोन एकर पेरायचे राहिले आहेत. सायकलने जाऊ का?"

प्रश्न सोपा नाही. वारी चुकू नये, तशी पेरणीही चुकू नये. आम्ही पाटी घेतली आणि हिशेब मांडला.

पैठण ते पंढरपूर वाट सुमारे २५० किलोमीटर. एकनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पोचते. म्हणजे सुमारे १८ दिवस झाले. रोज सरासरी १४ किलोमीटर, चार-साडेचार कोस. पंढरीत दोन दिवस धरा. परत यायला एसटी आहे. एकूण २१ दिवस.

आता सायकल. साधी सायकल, मागे बोचके. तासाला १२ किलोमीटर धरा. दिवसात पाच तास चालवली तर ६० किलोमीटर होतात. जायला चार दिवस आणि थोडे वर. पंढरीत दोन दिवस. पण सायकल तिथे टाकून येता येत नाही! परत यायलाही तितकेच दिवस. एकूण १० ते ११ दिवस.

तो म्हणाला, "मला वाटलं, चार दिवसांत काम होईल!" पुष्कळांना असेच वाटते. जाण्याचा हिशेब करतात, येण्याचा विसरतात.

दिवस वाचतात हे खरे. पण काय सुटते, तेही पाहावे. दिंडीत माणूस एकटा नसतो. भिशी भरली की जेवणाची सोय दिंडी करते. सामान गाडीत जाते. पाय दुखला तर शेजारचा थांबतो. वाटेत मिडसांगवीला रिंगण होते, ते डोळ्यांनी पाहता येते. सायकलवाला एकटा. पंक्चर झाले तर तोच काढणार. पावसात भिजला तर तोच आसरा शोधणार.

मी तरुणपणी एकदा सायकलने गेलो होतो. जवळची वाट म्हणून शेतातून शिरलो. काळी माती मडगार्डात घट्ट बसली. चाक फिरेना. सायकलने मला न्यायचे, तर मीच सायकल खांद्यावर नेली! तेव्हापासून सांगतो, पावसात डांबरी सडक सोडू नये.

सायकलने जायचे तर एवढे करावे. ब्रेक आणि टायर आधी तपासावेत. पंप, जादा ट्यूब आणि पाना बरोबर घ्यावा. मागे लाल दिवा असावा. डावीकडून, एकामागे एक चालावे. अंधारात चालवू नये. पंढरीत एकादशीला लाखो लोक असतात. सायकल आधीच गावाबाहेर ठेवावी.

पायी जायचे तर महिनाभर आधी रोज चालावे. नवी चप्पल घालून निघू नये. जुनी, पायात बसलेली घ्यावी. फोड आला तर तो फोडू नये. पाणी उकळलेले प्यावे.

आधी अजमावून पाहायचे असेल तर पैठण जवळ आहे. छत्रपती संभाजीनगरहून ५०-५५ किलोमीटर. फाल्गुन वद्य षष्ठीला तिथे नाथषष्ठीची यात्रा भरते. एकनाथ महाराजांनी १५९९ साली तिथेच समाधी घेतली. पायी दोन दिवस लागतात, सायकलने एक. आपल्या पायांत किती दम आहे ते तिथेच कळते.

शेवटी आम्ही असे ठरवले. पालखी निघण्याआधी पाऊस झाला आणि पेरणी उरकली, तर पायी जायचे. पाऊस लांबला तर आधी पेरायचे आणि एकादशीला पाच दिवस राहिले असता सायकल काढायची. तेवढेही दिवस उरले नाहीत, तर एसटीने जाऊन शेवटचे दोन मुक्काम दिंडीबरोबर चालायचे.

तो घरी गेला आणि आबांना सांगितले. आबा म्हणाले, "बरोबर आहे. पेरणीचा घोर मनात ठेवून चाललास, तर पाय पंढरीकडे आणि मन शेताकडे. त्यापेक्षा पेरून जा."

मला म्हातारबुवांचे बोलणे पटले.