नावं तीच, नियम वेगळे! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची नवी एडिशन आली की चालू डावाचं काय करायचं?

समजा, पाच मित्र दर रविवारी संध्याकाळी एका टेबलाभोवती जमतात. गेली दोन वर्षं त्यांची एकच गोष्ट चालू आहे. त्यातला एक जण पॅलाडिन आहे, म्हणजे शपथेला बांधलेला योद्धा. समोर राक्षस उभा आहे. पॅलाडिनचा पहिला वार लागतो, दुसराही लागतो. दोन्ही वारांवर तो आपलं हुकमी अस्त्र, म्हणजे 'डिव्हाइन स्माइट' वापरतो आणि फासे हातात घेतो. तेवढ्यात पलीकडून आवाज येतो, "थांब थांब, नव्या पुस्तकात हे एका टर्नला एकदाच करता येतं!"

झालं. पुढची वीस मिनिटं राक्षस जागच्या जागी उभा आणि पाचही जण पुस्तकात डोकं घालून बसलेले.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची सुधारित नियमपुस्तकं २०२४ मध्ये यायला लागली, तेव्हापासून जगभरातल्या टेबलांवर असे वाद होऊ लागले. पण हा गोंधळ होतो कशामुळे? आणि दोन वर्षांचा डाव न मोडता नव्या नियमांवर जाता येतं का?

आधी खेळ समजून घेऊ

'स्ट्रेंजर थिंग्स' पाहिली असेल, तर त्यातली पोरं तळघरात बसून खेळतात तोच हा खेळ. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. यात व्यापार किंवा सापशिडीसारखा ठरलेला पट नसतो आणि शेवटी कोणी एक जण जिंकतो असंही नसतं. एक जण 'डंजन मास्टर' होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. पात्राने काही अवघड करायचं म्हटलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा आणि नियम मिळून ठरवतात.

एकच गोष्ट महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं चालते. तिला म्हणतात 'कॅम्पेन'. त्यामुळे नियम बदलले की खेळाडूने इतके दिवस जपलेलं पात्रही बदलतं. वाद पेटतो तो इथेच.

याआधी असं झालं होतं का?

बऱ्याचदा. दुसऱ्या एडिशनपर्यंत या खेळात चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं संरक्षण जास्त, असा उलटा हिशेब होता. २००० मध्ये तिसरी एडिशन आली आणि हिशेब सरळ झाला. आकडा जास्त, तर संरक्षण जास्त. २००३ मध्ये लगेच '३.५' नावाची सुधारित आवृत्ती आली आणि तीन वर्षांत पुन्हा नवी पुस्तकं घ्यायची वेळ आली.

२००८ ची चौथी एडिशन इतकी वेगळी होती, की खेळाडूंमध्ये उभी फूट पडली. '३.५' चे नियम खुल्या परवान्यात असल्यामुळे पायझो या कंपनीने त्यांच्यावरच बेतलेला 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ मध्ये आणला आणि नाराज झालेले बरेच जण तिकडे गेले. २०१४ ची पाचवी एडिशन आणण्याआधी मात्र 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तिचे कच्चे नियम लोकांना खेळून बघायला दिले होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंसाठीचं नवं 'प्लेयर्स हँडबुक' आलं, नोव्हेंबरमध्ये डंजन मास्टरचं पुस्तक आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राक्षसांचं. कंपनीने याला सहावी एडिशन म्हटलेलं नाही. पाचव्या एडिशनचेच हे सुधारित नियम आहेत आणि जुन्या पुस्तकांसोबत ते चालतात, असं तिचं म्हणणं आहे.

मग गोंधळ कशाचा?

चौथ्या एडिशनच्या वेळी सगळंच वेगळं होतं, त्यामुळे सगळं नव्याने शिकावं लागणार हे उघड होतं. यावेळी नावं तीच आहेत आणि आतला मजकूर बदललाय. दहा वर्षं खेळलेला माणूस पान उघडतच नाही, कारण त्याला ते पाठ असतं. म्हणून नवखा खेळाडू पटकन रुळतो आणि जुना ठेचकाळतो. काही उदाहरणं बघा.

डिव्हाइन स्माइट : आधी वार लागला की जादूची ताकद खर्चून जादा इजा करता यायची, एका टर्नमध्ये जितके वार लागतील तितक्यांदा. आता तो एक मंत्र आहे आणि त्याला 'बोनस अ‍ॅक्शन' लागते. ती टर्नला एकच मिळते.

अचानक हल्ला : आधी बेसावध सापडलेल्याची पहिली टर्न वायाच जायची. आता त्याने आपला क्रम ठरवण्यासाठी दोन फासे टाकायचे आणि त्यातला कमी आकडा धरायचा. दबा धरून बसणाऱ्यांचा फायदा बराच घटला.

थकवा : आधी सहा पायऱ्यांचा तक्ता होता, प्रत्येक पायरीला वेगळा त्रास. आता सरळ हिशेब आहे. दर पायरीला वीस बाजूंच्या फाशातून २ वजा आणि चाल ५ फुटांनी कमी. सहाव्या पायरीला मरण मात्र कायम.

जखम भरणं : 'क्युअर वून्ड्स' मंत्राला आठ बाजूंचा एक फासा मिळायचा, आता दोन मिळतात. औषधाची कुपी प्यायला आता पूर्ण 'अ‍ॅक्शन' लागत नाही, 'बोनस अ‍ॅक्शन' पुरते. अनेक टेबलांवर हा घरगुती नियम आधीपासूनच चालायचा. गल्ली क्रिकेटमधलं 'एक टप्पा आउट' उद्या अधिकृत नियमपुस्तकात छापून यावं, तसं झालं हे!

शस्त्रं : योद्ध्यांना 'वेपन मास्टरी' मिळाली. लाँगस्वर्डचा वार लागला, तर शत्रूचा पुढचा हल्ला कमजोर होतो. बॅटलअ‍ॅक्स लागली, तर शत्रू आडवा पडू शकतो.

पात्राची जडणघडण : ताकद, चपळाई वगैरेंचे वाढीव गुण आधी पात्राच्या वंशावरून मिळायचे. आता ते 'बॅकग्राउंड'वरून, म्हणजे पात्र आधी काय करत होतं त्यावरून मिळतात.

चालू डाव नव्या नियमांवर कसा न्यायचा?

पहिली गोष्ट, लढाईच्या मध्यावर नियम बदलू नका. गोष्टीतला एखादा टप्पा संपू द्या. गुहा सर झाली, गावात मुक्काम पडला, की बदल करायला ती जागा चांगली. त्याआधी एखाद्या रविवारी दुसरीच पात्रं घेऊन एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट नव्या नियमांनी खेळून बघा. तिथे चुका झाल्या तरी कोणाचं लाडकं पात्र मरत नाही.

दुसरी, जुन्या कॅरेक्टर शीटवर खाडाखोड करू नका. कोरं शीट घ्या आणि पात्र पहिल्या लेव्हलपासून आत्ताच्या लेव्हलपर्यंत नव्या नियमांनी पुन्हा बांधा. नाव, इतिहास, मिळवलेल्या वस्तू तशाच ठेवा. खाडाखोडीत हमखास होणारी चूक म्हणजे वाढीव गुण दोनदा धरणं, एकदा जुन्या वंशाचे आणि एकदा नव्या बॅकग्राउंडचे. जुन्या पुस्तकातला वंश घेतला असेल, तर त्याचे वाढीव गुण सोडून द्यायचे, असं नवं पुस्तकच सांगतं.

तिसरी, भेसळीचा नियम आधीच ठरवा. एखादा मंत्र किंवा कौशल्य दोन्ही पुस्तकांत असेल, तर नवं धरायचं. फक्त जुन्यात असेल, तर डंजन मास्टरला विचारून घ्यायचं. छापील जुन्या कथा, उदाहरणार्थ २०१६ ची 'कर्स ऑफ स्ट्राड', नव्या नियमांनीही खेळता येतात. राक्षसाचं नाव नव्या पुस्तकात शोधायचं आणि तिथले आकडे वापरायचे, इतकं सोपं.

चौथी, 'नाव तेच, नियम वेगळा' अशा पाच-सहा गोष्टींचा कागद टेबलाच्या मधोमध ठेवा. खेळताना शंका आली, तर डंजन मास्टरने तिथल्या तिथे निर्णय द्यावा आणि पुस्तक बैठक संपल्यावर उघडावं.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, ज्याचं नुकसान होतंय त्याला आधी विचारा. शस्त्रवाल्या योद्ध्याला नव्या नियमांत भरपूर मिळालंय. पॅलाडिनचं हुकमी अस्त्र मात्र बोथट झालंय. त्याला पहिल्या तीन-चार बैठकांत पात्रात फेरफार करायची मुभा द्या. तरीही मन रमत नसेल, तर हा डाव जुन्याच नियमांनी संपवा आणि पुढचा नव्याने सुरू करा.

पण पुस्तकं घ्यावीच लागतात का?

नाही. छापील हँडबुकची अमेरिकेतली किंमत जवळपास ५० डॉलर आहे आणि अशी मुख्य पुस्तकं तीन. पण मूळ नियम कंपनीने इंटरनेटवर फुकट दिलेत. २०२५ मध्ये नव्या नियमांचा मोठा भाग 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या खुल्या परवान्याखालीही आला. सुरुवात करायला एवढं पुरतं, आणि पुढे टेबलामागे एक हँडबुक असलं तरी चालतं.

जुनं पुस्तकही कपाटातून कोणी काढून नेत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डी अँड डी बियाँड' या कंपनीच्याच डिजिटल सेवेने खेळाडूंच्या शीटवरचे जुने मंत्र आणि जादुई वस्तू बदलून नव्या करायचं जाहीर केलं होतं. खेळाडू इतके चिडले, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. लोकांना नवं नको होतं असं नाही. आपलं पात्र आपल्याला न विचारता बदललं जातंय, हे त्यांना खटकलं.

घरातल्या टेबलालाही हेच लागू आहे. त्या पॅलाडिनला आदल्या रविवारीच विचारलं असतं, तर ती वीस मिनिटं वाचली असती आणि राक्षसही एव्हाना पडला असता.